परदेशी क्लबांकडून बास्केटबॉल खेळायचे असेल तर

अमेरिकेतल्या एनबीए या सर्वांत मोठ्या लीगमध्ये ३० संघ आहेत आणि प्रत्येक संघात नेहमीच्या कराराच्या १५ जागा. म्हणजे अख्ख्या जगातून साडेचारशे खेळाडू, आणि टू-वे करारावर (थोडा वेळ एनबीएत, थोडा वेळ तिच्या दुय्यम लीगमध्ये) प्रत्येक संघात आणखी तीन. मग बास्केटबॉल खेळून पोट भरणारे बाकीचे हजारो खेळाडू असतात कुठे? ते स्पेनमधल्या व्हितोरियात असतात, लिथुआनियातल्या कौनासमध्ये, बेरूतमध्ये, ओकिनावात, मनिलात, पर्थमध्ये. दर एक-दोन वर्षांनी गाशा गुंडाळून देश बदलतात. हा लेख त्या वाटेबद्दल आहे. जिल्हा किंवा राज्य संघातून खेळलेल्या आणि 'बाहेर काही जमेल का' असे विचारणाऱ्या मुलामुलींसाठी, आणि त्यांच्याहून जास्त काळजीत असलेल्या त्यांच्या आईवडिलांसाठी.

या वाटेवरचा एक खेळाडू नमुना म्हणून नीट बघून घ्या: माइक जेम्स. अमेरिकेतल्या पोर्टलंडचा, उंचीने साधारण सव्वासहा फुटांच्या आतला गार्ड. आधी एक ज्युनिअर कॉलेज, मग टेक्सासमधले लामार विद्यापीठ. २०१२ च्या एनबीए ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघांनी नवे खेळाडू निवडण्याच्या वार्षिक फेरीत, त्याला कोणीही घेतले नाही. पहिला क्लब क्रोएशियात झाग्रेबला. पुढे इस्राएलमधला एक छोटा क्लब, इटलीतल्या ओमेन्या या तळ्याकाठच्या गावातला खालच्या श्रेणीचा संघ, ग्रीसमधले ऱ्होड्स बेट. २०१४ मध्ये स्पेनच्या बास्कोनियाने त्याला घेतले, आणि २०१६ मध्ये तो क्लब युरोलीगच्या, म्हणजे युरोपातल्या अव्वल क्लबांच्या स्पर्धेच्या, अंतिम चारात पोचला. त्यानंतर अथेन्सचा पानाथिनायकोस, फिनिक्स सन्सबरोबर टू-वे करार, न्यू ऑर्लिन्स, मिलान, मॉस्कोचा सीएसकेए, ब्रुकलिन नेट्स, आणि २०२१ पासून मोनाको. जानेवारी २०२४ मध्ये त्याने युरोलीगच्या इतिहासात सर्वाधिक गुणांचा ग्रीसच्या वासिलिस स्पानुलिसचा विक्रम मोडला आणि त्याच मोसमात तो स्पर्धेचा सर्वोत्तम खेळाडू ठरला.

आपण लक्ष द्यायचे ते शेवटाकडे नाही, २०१२ ते २०१४ या तुकड्याकडे. दोन वर्षांत चार देश, कुठेही बस्तान नाही. बहुतेकांची कारकीर्द त्या दोन वर्षांतच संपते, आणि नेहमी खेळ कमी पडला म्हणून संपते असेही नाही. चुकीची लीग, कच्चा करार, अडकलेला कागद, थकलेला पगार यांनीही संपते.

पहिली पायरी: आपला पासपोर्ट कुठल्या रांगेत आहे ते बघा

उडी किती, शॉट कसा, हे नंतर. क्लबचा माणूस आधी पासपोर्ट विचारतो. जवळपास प्रत्येक लीगमध्ये परदेशी खेळाडूंच्या जागा मोजून दिलेल्या असतात, आणि त्या जागेवरच्या खेळाडूला सगळीकडे 'इम्पोर्ट' म्हणतात. ऑस्ट्रेलियाच्या एनबीएलमध्ये बरीच वर्षे क्लबला तीन इम्पोर्टची मुभा आहे. इटलीत क्लबला '५ अधिक ५' किंवा '६ अधिक ६' असे परदेशी-इटालियन गणित निवडावे लागते. फिलिपिन्सच्या पीबीए या लीगमध्ये तर ठरावीक स्पर्धांत इम्पोर्टच्या उंचीवरही मर्यादा असते. तिथे एखादा इंच जास्त असणे म्हणजे नोकरी गेली.

युरोपात १९९५ च्या बॉसमन निकालानंतर युरोपीय संघातल्या देशांचे खेळाडू एकमेकांच्या लीगमध्ये मोकळेपणाने खेळू लागले. खटला फुटबॉलपटूचा होता, पण निकालाने बास्केटबॉलही बदलला. आफ्रिका, कॅरिबियन आणि पॅसिफिक देशांशी झालेल्या कोतोनू करारामुळे स्पेनसारख्या लीगमध्ये त्या देशांच्या पासपोर्टधारकांनाही वेगळी सवलत मिळाली. म्हणूनच अमेरिकी खेळाडू दुसऱ्या पासपोर्टच्या शोधात असतात. न्यू ऑर्लिन्समध्ये जन्मलेला बो मॅकेलब मॅसेडोनियाचा नागरिक झाला आणि २०११ च्या युरोबास्केटमध्ये, म्हणजे युरोपीय देशांच्या स्पर्धेत, त्या चिमुकल्या देशाला चौथ्या स्थानापर्यंत घेऊन गेला.

भारतीय खेळाडूला हा मार्ग बंद आहे. आपल्याकडे दुहेरी नागरिकत्व नाही. दुसरे घेतले की भारताचे जाते आणि भारताकडून खेळणेही संपते. त्यामुळे युरोपातल्या कुठल्याही वरच्या लीगमध्ये तुम्ही इम्पोर्टच्याच जागेवर बसणार. त्या जागेवर क्लबला काय हवे असते? रोज रात्री वीस गुण करणारा अमेरिकी गार्ड किंवा रिंगच्या वर खेळणारा सेंटर. तुमची स्पर्धा पंजाबच्या सेंटरशी नाही, लामारमधून बाहेर पडलेल्या पुढच्या माइक जेम्सशी आहे. हे एकदा मनाशी मान्य केले की पुढचे निर्णय सोपे होतात.

माझे मत स्पष्ट आहे: आपल्याकडच्या खेळाडूने आधी आशिया आणि ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंड बघावे, युरोपचे नंतर. जपानच्या बी.लीगने २०२०-२१ पासून इम्पोर्टखेरीज आशियाई खेळाडूसाठी वेगळी जागा ठेवली. फिलिपिन्सचा थर्डी रावेना सान-एन निओफिनिक्सकडून त्या जागेवर खेळणारा पहिला, आणि त्याच्यामागे फिलिपिनो खेळाडूंची रीघ लागली. अशा जागेसाठी कोणते देश पात्र आहेत ते लीग ठरवते आणि यादी बदलते, म्हणून अर्ज करण्याआधी त्या मोसमाचा नियम वाचायचा, मागच्या वर्षी कोणी तरी सांगितलेला नाही. आपले अमृतपाल सिंग आणि अमज्योत सिंग दोघेही आधी टोक्यो एक्सलन्सकडून खेळले. तिथून २०१७ मध्ये अमृतपाल सिडनी किंग्जमध्ये गेला आणि अमज्योत जी लीग या एनबीएच्या दुय्यम लीगमधल्या ओक्लाहोमा सिटी ब्लूमध्ये. जपानचा एक मोसम गाठीशी असल्यावर पुढचे दार किलकिले होते, ते असे.

दुसरी पायरी: वर्षाचे कॅलेंडर मांडा

युरोपात ऑगस्टमध्ये सराव सुरू होतो, मोसम मे-जूनपर्यंत चालतो. जपान ऑक्टोबर ते मे. ऑस्ट्रेलिया सप्टेंबरअखेर ते मार्च, आणि न्यूझीलंडची लीग एप्रिलपासून जुलैपर्यंत. पोर्तो रिकोची लीग वसंतात सुरू होऊन उन्हाळ्यात संपते, कॅनडाची सीईबीएल मे ते ऑगस्ट. त्यामुळे ऑस्ट्रेलियात एक मोसम करून लगेच न्यूझीलंडमध्ये दुसरा करणारे पुष्कळ आहेत. पैसे दोनदा मिळतात, गुडघे एकदाच मिळालेले असतात. पंचविशीच्या आत असाल आणि नाव व्हायचे असेल तर करा; सलग तिसऱ्या वर्षी नको.

भारतीय खेळाडूला आणखी एक कॅलेंडर सांभाळावे लागते: नोकरीचे. आपल्याकडचे चांगले खेळाडू रेल्वे, ओएनजीसी, सेनादले किंवा पोलीस यांत क्रीडा कोट्यातून लागलेले असतात. परदेशी क्लबशी बोलणी पुढे गेल्यावर रजा मागणे म्हणजे उलटा क्रम. बिनपगारी रजा मिळते का, ज्येष्ठतेवर काय परिणाम होतो, ना हरकत प्रमाणपत्र कोण देते, हे लेखी विचारून ठेवा. पहिल्या वर्षाच्या परदेशी करारासाठी कायमची सरकारी नोकरी सोडू नये असे मला वाटते. यावर तरुण मुले नाक मुरडतील, मुरडू देत.

तिसरी पायरी: व्हिडिओ आणि एजंट

नुसत्या डंकची रील कोणी बघत नाही. क्लबला दोन गोष्टी हव्या असतात: तीन-चार मिनिटांचे निवडक क्षण, आणि किमान दोन पूर्ण सामने न कापता. पूर्ण सामन्यात दिसते की चेंडू हातात नसताना तुम्ही काय करता, चूक झाल्यावर परत धावता की नाही. सामना कोणाविरुद्ध आहे तेही लिहा. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेतल्या चाळीस गुणांपेक्षा आशियाई पातळीवरच्या सामन्यातले आठ गुण जास्त बोलतात.

एजंट फिबाचा, म्हणजे जागतिक बास्केटबॉल महासंघाचा, परवाना असलेलाच हवा. परवानाधारकांची यादी फिबाच्या संकेतस्थळावर असते, नाव शोधायला पाच मिनिटे लागतात. मेहनताना साधारण १० टक्के, आणि युरोपात तो बहुधा क्लब देतो. एजंटशी लेखी करार करा, तो किती काळाचा आणि कसा मोडता येतो ते वाचा. व्हॉट्सॲपवर 'ट्रायआउटची फी भरा, व्हिसाचे बघतो' असे कोणी म्हणाले तर फोन ठेवून द्या. शिबिरांना शुल्क असते, ते ठीक. पण ज्या क्लबला तुम्ही खरेच हवे आहात तो तुमच्याकडून पैसे घेत नाही, तिकीट पाठवतो.

चौथी पायरी: करार. इथे घाई करू नका

बोलण्यात येणारा आकडा युरोपात बहुधा नेट असतो, म्हणजे त्या देशाचा कर क्लबने भरून तुमच्या हातात पडणारा. पण 'बहुधा' पुरेसे नाही, करारात तसे लिहिलेले हवे. शिवाय क्लबने कर भरल्याचा दाखला दरवर्षी देण्याची अट टाका. त्याचे काम पुढे पडते. पगार वर्षभराच्या बारा महिन्यांचा नसून मोसमाच्या आठ-दहा हप्त्यांचा असतो, तेव्हा महिन्याचा आकडा ऐकून बाराने गुणू नका. घर, वीजबिल, गाडी, जायची-यायची तिकिटे, आरोग्यविमा या गोष्टी पगाराखेरीज असतात आणि त्या प्रत्येकीचे वेगळे वाक्य करारात लागते. 'बाकी सगळे क्लब बघेल' या वाक्याला काही अर्थ नाही.

'गॅरंटीड' या शब्दाकडे विशेष बघा. करार पूर्ण गॅरंटीड असेल तर खराब खेळ किंवा मोसमात झालेली दुखापत यांमुळे पगार थांबत नाही. तो तसा नसेल तर दोन वाईट सामन्यांनंतर विमानाचे तिकीट हातात येते, आणि दुसऱ्या दिवशी तुमच्या खोलीत दुसरा गार्ड राहायला आलेला असतो. कोच बदलणे हा यातला मोठा धोका. २०१९ मध्ये मिलानला एत्तोरे मेसिना प्रशिक्षक म्हणून आले आणि माइक जेम्स त्यांच्या योजनेत बसला नाही; करार शिल्लक असूनही त्याला क्लब सोडावा लागला. तो मॉस्कोला गेला, कारण तोवर त्याचे नाव होते. तुमचे अजून व्हायचे आहे. तुम्हाला शिल्लक कराराचे पैसेच वाचवतील.

वैद्यकीय तपासणी पोचल्यावर दोन-तीन दिवसांत व्हायला हवी आणि त्यात पास झाल्यावर क्लबला तेच कारण पुन्हा काढता येऊ नये, अशी मुदत लिहून घ्या. नाहीतर क्लब आठवडाभर सराव बघतो आणि मग 'गुडघ्यात काहीतरी दिसते' असे सांगतो. ती प्रत्यक्षात फुकटची निवड चाचणी असते.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचे कलम. पगार उशिरा होणे हा या धंद्यातला रोजचा रोग आहे. छोट्याच नाही, मोठ्या नावाच्या क्लबांतही. यावर औषध म्हणून २००७ मध्ये फिबाने लवाद सुरू केला. त्याला आज बास्केटबॉल आर्बिट्रल ट्रायब्युनल किंवा नुसते 'बॅट' म्हणतात. लवादाचे कायदेशीर स्थान जिनिव्हा, कामकाज इंग्रजीत. तिथला एकच निर्णयकर्ता बहुतेक वेळा सुनावणीशिवाय, कागद बघून निकाल देतो, आणि तोही कुठल्या देशाचे कलम बघून नाही तर दोन्ही बाजूंना न्याय्य काय हे बघून. तुर्कस्तानातल्या क्लबविरुद्ध तुर्की कोर्टात, तुर्की वकील करून भांडण्याच्या तुलनेत हे किती सोपे ते सांगायला नको. क्लबने निकाल पाळला नाही तर फिबा त्याला नवे खेळाडू नोंदवायला बंदी घालू शकते, आणि ही बंदी क्लबला खरोखर टोचते.

मात्र बॅटकडे जाता येते ते करारात तसे कलम असेल तरच. स्थानिक न्यायालयाचे कलम टाकलेला करार समोर आला तर बदलून मागा. त्याच्या शेजारीच दुसरे कलम हवे: हप्ता ठरावीक दिवसांहून, समजा तीस दिवसांहून, जास्त थकला तर खेळाडू सराव थांबवू शकतो, करार संपवू शकतो आणि उरलेले सगळे पैसे देय होतात.

सही करण्याआधीचा गृहपाठ फुकटात होतो. बॅटचे बरेचसे निकाल फिबाच्या संकेतस्थळावर प्रसिद्ध असतात, नोंदणीबंदी असलेल्या क्लबांची यादीही असते. क्लबचे नाव टाकून बघा. एखादे प्रकरण असणे म्हणजे शेवट नाही, पण दर दोन वर्षांनी वेगळा खेळाडू पैशांसाठी दार ठोठावतो आहे असे दिसले तर तिथला आकडा कितीही मोठा असो, तो कागदावरच आहे. जास्त पगार कबूल करणाऱ्या क्लबपेक्षा कमी पगार वेळेवर देणारा क्लब बरा, यात मला तरी काही दुमत दिसत नाही.

पाचवी पायरी: कागद

एका देशाच्या लीगमधून दुसऱ्या देशात जाताना लेटर ऑफ क्लिअरन्स, म्हणजे तिकडे खेळायला मोकळे असल्याचे पत्र, लागते. ज्या देशात तुम्ही शेवटचे नोंदलेले होता त्या देशाच्या महासंघाने ते द्यायचे असते. आपल्या बाबतीत पहिल्यांदा बास्केटबॉल फेडरेशन ऑफ इंडियाने. ते मागतो नव्या देशाचा महासंघ, खेळाडू नव्हे. नाकारण्याचे फिबाला मान्य असलेले कारण एकच: खेळाडूचा आधीच्या क्लबशी करार अजून चालू आहे. रुसवेफुगवे, स्थानिक राजकारण, 'राष्ट्रीय स्पर्धा तोंडावर आहे' ही कारणे नियमात बसत नाहीत. अठरा वर्षांखालच्या खेळाडूचे आंतरराष्ट्रीय हस्तांतर मुळातच होत नाही, मोजके अपवाद सोडले तर. सोळाव्या वर्षी युरोपातला क्लब मिळवून देतो म्हणणाऱ्याला हा नियम दाखवा आणि तो काय बोलतो ते बघा.

व्हिसा कामाचाच हवा. शेंगेनच्या पर्यटक व्हिसावर ९० दिवस फिरता येते, पगार घेऊन खेळता येत नाही. 'आधी या, मग बघू' म्हणणारा क्लब तुम्हाला अडकवतो आहे. पदवी, जन्मदाखला यांवर परराष्ट्र मंत्रालयाचे अपॉस्टिल (कागद परदेशात ग्राह्य धरला जाण्याचा शिक्का) लागते, त्याआधी राज्य शासनाचे साक्षांकन. पासपोर्ट कार्यालयाकडून पोलीस क्लिअरन्सही घेऊन ठेवा. यातले काहीही आठवड्यात होत नाही, तेव्हा करार व्हायची वाट न बघता लागा.

कराबद्दल सीएला एकदा भेटाच, पण मूळ मुद्दा असा: एप्रिल ते मार्च या आर्थिक वर्षात १८२ दिवस किंवा जास्त भारतात राहिलात तर निवासी ठरता आणि परदेशातले उत्पन्नही इथे दाखवावे लागते. ऑगस्टमध्ये गेलेला खेळाडू सहसा या मर्यादेच्या आत असतो. जानेवारीत गेलेला नसतो. तेव्हा दुहेरी कर टाळण्यासाठी तो क्लबचा कर भरल्याचा दाखला लागतो.

सहावी पायरी: पहिले सहा आठवडे

आपण फिबाच्याच नियमांनी खेळत मोठे होतो, हा आपला छोटासा फायदा. दहा-दहा मिनिटांचे चार डाव, पाच फाउल, तीन गुणांची रेषा ६.७५ मीटरवर. नवख्या अमेरिकी खेळाडूला रिंगला लागलेला चेंडू लगेच टोलवता येतो हे अंगवळणी पडायला वेळ लागतो. एनबीएत तो गुन्हा. आपली अडचण वेगळी आहे. युरोपात आठवड्याला एक-दोनच सामने, पण सराव कित्येकदा दिवसातून दोनदा, आणि डावपेचांचे पुस्तक जाडजूड. प्रत्येक खेळीला नाव असते, कधी आकडा, कधी हाताची खूण, आणि ती दुसऱ्याच आठवड्यात पाठ हवी. शारीरिक धक्काबुक्की आपल्या राष्ट्रीय स्पर्धेहून बरीच जास्त. खाण्याचा प्रश्न महिन्याभरात सुटतो, एकटेपणाचा सुटायला वेळ लागतो. संघातल्या दुसऱ्या इम्पोर्टशी पहिल्याच दिवशी ओळख करून घ्या, त्याने हे सगळे आधी भोगलेले असते.

औषधांचे मात्र कडक पाळा. सर्दीच्या गोळीतले स्यूडोएफेड्रिन सामन्याच्या काळात ठरावीक प्रमाणाबाहेर सापडले तर ते डोपिंगच. जिममधल्या मित्राने दिलेली पावडर तर नकोच. सतनाम सिंग २०१५ मध्ये एनबीए ड्राफ्टमध्ये ५२ व्या क्रमांकावर निवडला गेलेला पहिला भारतीय. डॅलसच्या जी लीग संघातून तो पुढे कॅनडात सेंट जॉन्स एजकडून खेळला. डिसेंबर २०२० मध्ये नाडा या आपल्या डोपिंगविरोधी संस्थेने त्याच्यावर दोन वर्षांची बंदी घातली आणि त्यानंतर तो कुस्तीच्या रिंगणात गेला. देशाच्या सीमेवरही हेच. २०२२ च्या फेब्रुवारीत अमेरिकेची बास्केटबॉलपटू ब्रिटनी ग्राइनर रशियात आपल्या क्लबकडे परतताना सामानातल्या गांजाच्या तेलाच्या नळ्यांमुळे अटकेत पडली आणि डिसेंबरात कैद्यांच्या अदलाबदलीतच सुटली. खोकल्याचे कोडीन असलेले औषधसुद्धा डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय बॅगेत टाकू नका.

मुलींसाठी थोडे वेगळे

ग्राइनर रशियात होती कारण डब्ल्यूएनबीए या अमेरिकेतल्या महिलांच्या लीगपेक्षा तिथे कितीतरी जास्त पैसे होते. तिथलीच दुसरी खेळाडू डायना टॉरासी हिला तर २०१५ मध्ये येकातेरिनबर्गच्या क्लबने अमेरिकेतला मोसम खेळू नये म्हणून पैसे दिले. २०२२ नंतर तो पैसा तुर्कस्तान आणि चीनकडे वळला. आपल्याकडे गीतू ॲना जोस ऑस्ट्रेलियात रिंगवूड हॉक्सकडून खेळली आणि २०११ मध्ये डब्ल्यूएनबीएच्या संघांसमोर चाचणी देऊन आली. तिने निवडलेली ऑस्ट्रेलियातली प्रादेशिक पातळीची लीग आजही मुलींसाठी शहाणपणाची पहिली पायरी आहे: भाषा कळते, प्रवास सोपा, आणि स्पर्धा खरी. भारतीय संघाची कर्णधार राहिलेल्या पुण्याच्या शिरीन लिमयेकडे बघून खेळणाऱ्या मुली महाराष्ट्रात बऱ्याच आहेत. त्यांनी हा पर्याय चाचपून बघावा.

परतताना

मोसमाच्या शेवटी सामान बांधण्याआधी शेवटचा हप्ता, बोनस आणि कराचा दाखला हातात घ्या. देश सोडल्यावर ईमेलना उत्तरे येणे कमी होते. सगळ्या करारांच्या, बँकेच्या नोंदींच्या आणि एजंटशी झालेल्या संदेशांच्या प्रती ठेवा, बॅटसमोर तोच पुरावा असतो. राष्ट्रीय संघाच्या सामन्यांसाठी क्लबने सोडण्याच्या तारखा पुढच्या करारात आधीच लिहून घ्या. आणि भारतात पुन्हा राज्य किंवा खात्याच्या संघाकडून उतरायचे असेल तर लेटर ऑफ क्लिअरन्सचा तोच प्रवास उलट दिशेने करावा लागतो: आता पत्र त्या देशाच्या महासंघाकडून यायचे असते. करार संपल्याचे क्लबचे लेखी पत्र सोबत असेल तर ते अडत नाही, म्हणून घराच्या किल्ल्या परत करताना ते पत्र मागून घ्या.